पावसात सकाळी मिसिंग, दुपारी ठणठणीत: किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीचं दुखणं कुठे शोधावं

लक्षण असं. पाऊस लागला की सकाळी गाडी सुरू होते, पण तीनपैकी दोनच सिलिंडर कामावर असल्यासारखी. गॅरेजच्या भाषेत यालाच मिसिंग म्हणतात. स्टेअरिंग थरथरतं. सायलेन्सरमधून फट... फट... असा तुटका आवाज येतो. पहिला चढ आला की अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी ओढत नाही, झटके मारते. पंधरा-वीस मिनिटांत इंजिन तापलं की हळूहळू सगळं सुरळीत होतं. दुपारी गॅरेजला न्यावी तर काहीच तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

माझ्याकडे बाबांची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून देणारा जुना यांत्रिक भाग), ७९६ सीसी, तीन सिलिंडरची. मालगुंडहून रत्नागिरीला कामावर जाते ती रोज नेवरे, आरे-वारे, काळबादेवी या रस्त्याने. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना सांगायला नको की तो समुद्राला किती चिकटून जातो. जुलैत उधाणाच्या दिवशी काचेवर येणारं पाणी आभाळातलं किती आणि लाटांचं किती हे वायपरलाही कळत नसेल. आणि किनारा सोडला की लगेच खडा चढ. गाडीचं दुखणं नेमकं त्या चढावर उघडं पडायचं.

तीन पावसाळे मी हे सोसलं. पहिल्या वर्षी सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे प्लग बदलले. दहा-बारा दिवस गाडी सुंदर चालली, मग पुन्हा मिसिंग. दुसऱ्या वर्षी कार्बोरेटर उतरवून साफ करून घेतला, जेट, म्हणजे त्यातली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, फुंकून घेतले. फरक शून्य. तिसऱ्या वर्षी कॉइल (बॅटरीचा करंट हजारो व्होल्टचा करून देणारा भाग) बदलली आणि पुन्हा प्लगही बदलले. परत दहा-बारा दिवस बरे गेले. या 'दहा-बारा दिवसांत'च सगळं उत्तर होतं, पण ते मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जुनी पेट्रोल गाडी जपणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल.

आधी 'कधी?' विचारा, मग 'काय?'

शेवटी ज्या वयस्कर मिस्त्रींनी दुखणं पकडलं, त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच मला विचारलं, "बाय, दुपारची गाडी आनून काय दिसनार? मिसिंग कधी मारते ता सांग. थंड असताना, का गरम झाल्यावर? रिकामी असताना, का चढावर? पावसात, का उन्हातपन?" मी उत्तरं देत गेले आणि ते एकेक शक्यता बाजूला ठेवत गेले. गाडी त्यांनी रात्रीची तिथेच ठेवायला सांगितली.

त्यांची ती प्रश्नावली मी तेव्हापासून स्वतःला विचारते. थंड आणि दमट असताना मिसिंग, तापल्यावर बरं, असं असेल तर बहुतेक वेळा करंट बाहेर कुठेतरी झिरपतोय. उलट, थंड असताना छान आणि अर्ध्या तासाने, इंजिन चांगलं तापल्यावर मिसिंग, तर कॉइलवर किंवा तिला चालू-बंद करणाऱ्या इग्निशन मॉड्यूलवर संशय घ्यावा. आतली बारीक तार किंवा जोड तापला की फाकतो, थंड झाला की जुळतो. फक्त आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) मिसिंग आणि जरा रेस केलं की गायब, हे आयडल जेट बुजल्याचं नाहीतर कुठूनतरी जादा हवा ओढली जात असल्याचं लक्षण. फक्त जोरात पळवताना किंवा लांब घाटात गाडी दम टाकत असेल, तर पेट्रोल पुरत नाही. आणि सतत, सगळ्या ऋतूंत, थंड-गरम कसंही एकच सिलिंडर मेलेलं, तर प्लग आणि वायर तपासून झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, हे बघायलाच हवं.

अनुभवी कानाला आणखी एक फरक कळतो. करंटची मिसिंग टोकदार असते. एकदम तुटते, एकदम येते, जणू कुणी बटण दाबून चालू-बंद करतंय. पेट्रोलची मिसिंग मऊ असते. गाडी आधी मंदावते, मग हुंदका दिल्यासारखी ओढते. हे लिहून कळत नाही, पण दोन्ही एकदा ऐकलं की विसरायला होत नाही.

मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं

आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या तुषारांबरोबर जे येतं ते नुसतं खायचं मीठ नसतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. आता हेच मीठ बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर कॅपवर (कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटून देणाऱ्या भागाचं झाकण), कॉइलच्या तोंडावर, प्लगवायरींवर बसलेलं आहे असं डोळ्यांसमोर आणा. जानेवारी ते मे ते बऱ्यापैकी कोरडं, निरुपद्रवी. पांढरट धुळीसारखं दिसतं, म्हणून आपण धूळच समजतो. मृग लागला की रात्रभरात त्या थराला पाणी सुटतं. नुसतं पावसाचं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, खारं पाणी मात्र चांगली नेतं. सकाळी कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्टचा करंट निघतो आणि त्याला दोन वाटा दिसतात. एक सिलिंडरच्या आत, प्लगच्या गॅपमधून, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधल्या फटीतून. दुसरी बाहेर, या खारट ओल्या थरावरून सरळ इंजिनाच्या लोखंडात. सोपी वाट तो घेतो. इंजिन तापलं की थर वाळतो, दुसरी वाट बंद होते आणि गाडी बरी होते.

माझ्या मावशीकडे कोल्हापुरात अगदी अशीच गाडी होती. पाऊस तिथेही धो धो पडतो. तिला सकाळच्या मिसिंगचा त्रास कधी झाला नाही. फरक आंबा घाटाच्या वर-खाली हवेतल्या मिठाचा आहे.

आता त्या दहा-बारा दिवसांचं कोडं. प्लग जुना झाला की टोकं झिजून गॅप वाढतो. गॅप जितका मोठा, तितका ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतो. नवीन प्लगचा गॅप नेमका असतो, टोकं धारदार असतात, ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. म्हणजे नवा प्लग टाकला की आतली वाट सोपी होते आणि करंट बाहेरची वाट सोडतो. शिवाय प्लग बदलताना मिस्त्री वायरी काढतो, फडक्याने पुसतो, त्यानेही थर थोडा हलतो. मग आठवडाभराने नवा थर बसतो, पुन्हा ओल धरते, आणि आपण म्हणतो की प्लग खराब लागले. प्लग बदलल्यावर थोडे दिवसच बरं वाटत असेल, तर गळती दुसरीकडे आहे असं खुशाल समजा. मी तीन वर्षं हे समजून घेतलं नाही आणि चांगले प्लग फेकत राहिले, याची मला आजही हळहळ वाटते.

चढावर त्रास जास्त का, याचंही उत्तर याच हिशेबात आहे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा-पेट्रोल भरतं, दाब वाढतो, आणि दाबाखाली ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतो. सपाटीवर कशीबशी आत उडणारी ठिणगी चढावर बाहेर पळते.

नेमका कुठला सिलिंडर?

माझ्या गाडीसारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडायचा क्रम, १-३-२ असतो, आणि टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबर. चार सिलिंडरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत १-३-४-२. तीनातला एक गेला की तिसरा हिस्सा ताकद जाते, म्हणून आपल्या छोट्या गाड्या इतक्या थरथरतात.

सिलिंडर ओळखायची जुनी पद्धत म्हणजे चालू इंजिनात एकेक प्लगवायर ओढून बघायची. ज्या वायरीला ओढल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. पद्धत बरोबर आहे, पण चालू गाडीत हाताने वायर ओढू नका. खाऱ्या ओल्या वायरीचा झटका बसला तर माणूस हात झाडतो आणि तो हात नेमका फॅनकडे किंवा बेल्टकडे जातो. छातीत पेसमेकर असलेल्यांनी तर बॉनेट उघडं असताना चालू इंजिनाजवळ उभंच राहू नये. मी असं करते: इंजिन बंद करून एक वायर काढायची, तिच्या टोकाला एक जादा प्लग लावायचा, तो प्लग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवून ठेवायचा, मग गाडी सुरू करून पंधरा सेकंद ऐकायचं. पुन्हा बंद, पुढची वायर. असं केल्याने करंटला वाट मिळते आणि कॉइलवर ताण येत नाही. हे करताना पेट्रोलचा वास येत असेल तर थांबा, आधी तो वास कुठून येतो ते बघा.

समजा दोन नंबरचा सिलिंडर सापडला. आता दोन आणि तीनचे प्लग आपसात बदला. मिसिंग तीनवर गेली तर प्लग दोषी. दोनवरच राहिली तर प्लग निर्दोष. वायरींची लांबी पुरत असेल तर त्यांचंही असंच करता येतं, फक्त कॅपवरची जागाही त्याप्रमाणे सांभाळायची, नाहीतर फायरिंग ऑर्डर चुकेल. म्हणूनच काहीही काढण्याआधी प्रत्येक वायरीवर नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि मोबाइलवर एक फोटो काढा.

माझ्या गाडीत मात्र मिसिंग एका जागी थांबत नव्हती. कधी एक नंबर, कधी तीन. सिलिंडर बदलत राहणारी मिसिंग म्हणजे दोष सामायिक भागात: कॅप, रोटर (कॅपच्या आत फिरून करंट वाटणारा तुकडा), कॉइल, कॉइलपासून कॅपला येणारी मधली वायर. मिस्त्रींना एवढं पुरेसं झालं.

अंधारात बघा

रात्री नऊच्या सुमारास पाऊस उघडला होता. मिस्त्रींनी गॅरेजमधला दिवा मालवला, बॉनेट उघडलं, गाडी आयडलिंगला ठेवली. सुरुवातीला काही नाही. मग त्यांनी इस्त्रीचे कपडे शिंपडायच्या बाटलीने लांबून बारीक फवारा मारला, साध्या पाण्याचा. क्षणात कॅपच्या कडेला निळसर जांभळी रेघ वळवळली, टिक टिक आवाज आला आणि इंजिन थडथडायला लागलं. त्या गाडीत मी इतकी वर्षं बसतेय, पण तिच्या पोटातली वीज मी त्या रात्री पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली.

आयडलिंगला साधारण ९०० आरपीएम धरले तर तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला बावीसेक ठिणग्या उडतात. ३००० आरपीएमला पंच्याहत्तर. या सगळ्या एकाच कॅपमधून, एकाच रोटरवरून जातात. त्यातल्या पाच-सात जरी भलतीकडे गेल्या तरी गाडी चढ चढत नाही.

ही तपासणी घरीही करता येते. अंधार हवा, फवारा बारीक हवा, आणि एका वेळी एकच भाग भिजवायचा: आधी कॉइलचं तोंड, मग मधली वायर, मग कॅप, मग एकेक प्लगवायर. पाणी ओतायचं नाही. ज्या भागावर फवारल्यावर इंजिन अडखळतं तो भाग गुन्हेगार. हात लांब ठेवा, ओढणी आणि सैल बाह्या आवरून घ्या.

कॅप उघडल्यावर काय दिसतं

कॅप उघडून मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरकी धरा. आतल्या धातूच्या खुंट्यांवर पांढरी किंवा हिरवी पूड दिसेल. ती खरवडता येते. मधोमध स्प्रिंगवरचं छोटं कार्बनचं बटण असतं, ते दाबल्यावर आत-बाहेर व्हायला हवं. झिजून सपाट झालं असेल तर कॅप बदलायची. पण मुख्य शोधायची ती केसासारखी बारीक काळी रेघ. दोन खुंट्यांच्या मधे, किंवा खुंटीपासून कॅपच्या कडेपर्यंत, झाडाच्या मुळीसारखी फुटत गेलेली. करंट एकाच वाटेने पुन्हा पुन्हा गेला की प्लास्टिक जळून कार्बन होतं, आणि कार्बन स्वतःच वीज वाहतो. अशी रेघ पडली की पुसून, घासून काही उपयोग नाही. कॅप गेली. रोटरच्या खालच्या बाजूलाही हीच रेघ बघा, तिथे ती हटकून नजरेतून सुटते.

कॅपखालचं रबरी सील कडक होऊन चिरलेलं असेल तर दमट हवा आत येत राहते. ते बदलायला विसरू नका. आत इंजिन ऑइलचा ओलावा दिसला तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं सील गळतंय.

मीठ पेट्रोलने निघत नाही

यासाठीच हा सगळा लेख लिहायला घेतला.

गॅरेजमध्ये कॅप काढली की पेट्रोलच्या किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसतात. दिसायला ती चकाचक होते. पण मीठ पेट्रोलमध्ये विरघळत नाही, रॉकेलमध्येही नाही, आणि बाजारातल्या ओल घालवणाऱ्या फवाऱ्यातही नाही. या गोष्टींनी तेल-मळ निघतो, पाणी थोडा वेळ बाजूला होतं, मीठ जागच्या जागी राहतं. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा पाणी सुटतं. मीठ काढायला पाणीच लागतं, आणि तेही गोडं.

कॅप, रोटर आणि वायरी काढून आत न्या. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने कॅप आतून-बाहेरून धुवा, मग स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळा. वायरी फडक्याने पुसत पुसत धुवा, रबरी टोप्यांच्या आतसुद्धा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, नाहीतर काढलेलं मीठ परत लावल्यासारखं होईल. पावसाळ्यात सगळ्यात चांगलं पाणी पागोळ्यांचं: कौलं दोन-तीन पावसांनी धुऊन निघाली की पातेलं लावून ठेवा. डिस्ट्रिब्युटरचं धड मात्र धुवायचं नाही. तिथे फक्त घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. कॉइलचं तोंडही तसंच.

वाळवणं हा अर्धा भाग आहे. जुलैत ऊन नसतं, म्हणून मी केस वाळवायचं यंत्र मध्यम गरम ठेवून वापरते आणि मग सगळं रात्रभर पंख्याखाली ठेवते. चुलीच्या वैलावर ठेवू नका, कॅप वाकडी झाली की रोटरला घासते. पूर्ण वाळल्यावर वायरींच्या टोप्यांच्या आत सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. साधं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा कॅप जुनीच होती, तरी मिसिंग निम्म्याने कमी झाली. मग नवी कॅप, रोटर आणि वायरींचा सेट घातला. पितळी खुंट्यांची कॅप मिळाली तर घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या खाऱ्या हवेत लवकर पांढऱ्या पडतात. त्यानंतर दरवर्षी आगोटीच्या कामांत हे एक काम धरलंय: मिरच्या, कोकमं, सुकी मासळी भरून झाली की मे महिन्याच्या अखेरीस एका रविवारी कॅप आणि वायरी धुवायच्या. गणपतीच्या आधी पुन्हा एकदा. चार पावसाळे झाले, चढावर गाडी अडलेली नाही.

वायरी मोजता येतात

साधा मल्टिमीटर पुरतो. कार्बनच्या गाभ्याच्या प्लगवायरीचा रोध काही हजार ओहममध्ये असतो आणि लांबीप्रमाणे वाढतो. नेमक्या आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. तिन्ही वायरी मोजा. एखादी बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त दाखवत असेल, किंवा वाकवली की आकडा उड्या मारत असेल, तर ती आतून तुटली आहे. पडवीत गाडी उभी असेल तर उंदराने कुरतडल्याच्या खुणाही शोधा. इंजिनाची ऊब त्यांना पावसाळ्यात फार आवडते.

प्लग काढलाच आहे तर त्याचा रंग वाचा. फिकट तपकिरी, मातीच्या कौलासारखा, म्हणजे छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच उडत नाही. तेलकट चिकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. पांढरा फटक म्हणजे मिश्रण पातळ. गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजा. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या (ठिणगीसाठी कॉइलचा करंट उघड-बंद करणारे धातूचे टेकू) जुन्या गाड्यांत तो बहुधा ०.७ ते ०.८ मिलीमीटर असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा.

करंट ठीक निघाला तर

पेट्रोल. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी महिनाभर उभी असेल तर टाकीत दव साचतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून खाली वेगळा थर धरतात आणि पंप नेमका तोच आधी ओढतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. इथेनॉलने मिश्रणही जरा पातळ होतं आणि जुन्या कार्बोरेटरला ते स्वतःहून सावरता येत नाही. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम तर यासाठी बनवलेलेच नव्हते, त्यांना चिरा पडल्यात का ते बघाच. पावसाळ्यात मी टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

जादा हवा. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांचा भाग) गॅसकेटजवळ आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांजवळ आयडलिंगला कान लावून सुस्कारा ऐका. संशयाच्या जागी थोडंसं पाणी शिंपडल्यावर आयडलिंग बदललं तर तिथून हवा शिरतेय. यासाठी कुणी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारायला सांगेल. तापलेल्या इंजिनावर मी ते करणार नाही.

कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि पाच-सहा फेऱ्या स्टार्टर. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत, दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत नको. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टन रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी, तर हेड गॅसकेट. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागात ठेवायची फट) फार घट्ट ठेवलेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, म्हणून 'आवाज नको' म्हणून टॅपेट आवळून घेऊ नका.

आणि अर्थिंग. आपल्याकडे याकडे फार दुर्लक्ष होतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी जाड तार खाऱ्या हवेत टोकाशी हिरवी पडते. बाहेरून आवरण चांगलं दिसतं, आत तांब्याची पूड झालेली असते. स्टार्टर मारताना मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमजोर आहे. मागच्या ऑगस्टमध्ये साखरतरच्या पुलाजवळ माझी गाडी भर दुपारी झटके मारायला लागली, तेव्हा मी आधी कॅपच उघडली. कॅप कोरडी होती. दोष या तारेत निघाला. टोक कापून, घासून नवीन लग लावल्यावर लगेच फरक पडला, आणि हेडलाइटचा उजेडही वाढला.

एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर

मिठाचा हिशेब तोच, फक्त चालू गाडीत प्लगवायर काढून ठेवायची तपासणी करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतं आणि तो तापून खराब होतो. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघतात. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग कन्व्हर्टर जाळण्याइतकी जोरात आहे; गाडी बाजूला घ्या. एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत स्कॅनर लावला की सिलिंडरचा नंबरही कळतो: पी ०३०१ म्हणजे एक नंबर, पी ०३०२ म्हणजे दोन. पी ०३०० आला तर मिसिंग सिलिंडर बदलतेय, म्हणजे पुन्हा सामायिक भागांकडे वळायचं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने इंजिन धुऊन घेणं मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांत टाळा, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आपल्या हवेत महिनाभर वाळत नाही.

डॅशबोर्डच्या कप्प्यात आता माझ्याकडे कायम असतं: दहा नंबरचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, जादा प्लग, जादा रोटर, चिकटपट्टी, छोट्या बाटलीत पागोळ्यांचं पाणी, आणि दोन सुती फडकी. पुसायचं फडकं पाण्याच्या बाटलीसोबत बाहेर ठेवलं तरी चालतं. कोरडं फडकं मात्र झिपच्या प्लास्टिक पिशवीत, हवा काढून, घट्ट बंद करून ठेवा, नाहीतर महिनाभरात तेही खारट आणि ओलं झालेलं असतं.